सव्वीस वर्षे भाड्याने ठेवलेले घर

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरच्या दिवशी जपानमधून एक बातमी आली. नागोया शहराच्या निशी प्रभागात १३ नोव्हेंबर १९९९ रोजी एका बत्तीस वर्षांच्या गृहिणीचा तिच्या राहत्या घरात खून झाला होता, आणि त्या घटनेला सव्वीस वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना पोलिसांनी एका एकोणसत्तर वर्षांच्या महिलेला अटक केली होती. इतक्या जुन्या खुनाचा छडा लागावा ही गोष्ट विरळाच. तरीही मी अडकले ते बातमीतल्या दुसऱ्याच एका वाक्यापाशी. मृत स्त्रीच्या पतीने ते भाड्याचे घर एवढ्या वर्षांत सोडलेच नव्हते, असे तिथे लिहिले होते.

ते त्या घरात राहत नव्हते. खून झाला त्या दिवशी ते कामावर होते आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा घरातच होता. त्याला मात्र इजा झाली नव्हती. त्यानंतर बापलेक दुसरीकडे राहायला गेले, पण घराचा ताबा त्यांनी सोडला नाही आणि रिकाम्या घराचे भाडे ते दरमहा भरत राहिले. सव्वीस वर्षांत ही रक्कम दोन कोटी वीस लाख येनच्या वर गेली. कारण अगदी साधे होते. हल्ला करताना हल्लेखोर स्वतःही जखमी झाली होती आणि तिचे रक्त घराच्या दारातल्या फरशीवर सांडले होते. घर सोडले असते तर मालकाने ते नव्या भाडेकरूसाठी रीतीप्रमाणे धुऊन, रंगवून घेतले असते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसती. म्हणून घर सोडायचे नाही आणि फरशी पुसायची नाही, एवढे त्यांनी ठरवले. एक दिवस गुन्हेगार सापडेल, त्या व्यक्तीला याच दारात उभे करून काय घडले ते तपासता येईल, ही आशा त्यांनी मुलाखतींतून बोलून दाखवली होती.

माझे वडील दीर्घ आजारपणानंतर गेले. आठ-नऊ महिन्यांत आम्ही त्यांची खोली आवरली. कपडे वाटून टाकले, औषधांच्या बाटल्या फेकल्या, चष्मा तेवढा ठेवून घेतला. रडू आले, पण हात थांबले नाहीत, कारण काय झाले, का झाले आणि कसे झाले हे आम्हाला ठाऊक होते. माहीत असलेल्या मृत्यूमागे जी आवराआवर करता येते, तेवढीसुद्धा या माणसाला करता येत नव्हती. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू एकाच वेळी पत्नीची आठवणही होती आणि पुरावाही होता. आठवण काळाबरोबर विरत गेली तरी चालते. पुराव्याला तशी मुभा नसते. दुःखाला पुराव्यासारखे जपावे लागणे म्हणजे काय, याचा विचार मी बरेच दिवस करत राहिले आणि शेवटी हे लिहायला बसले.

अशा कुटुंबांविषयी बोलताना आपण सहज म्हणून जातो की ते न्यायाची वाट पाहत आहेत. वाट पाहणे हा शब्द मला आता फार अपुरा वाटतो, कारण त्यातून खिडकीशी बसून राहिलेल्या माणसाचे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात हे वर्षानुवर्षे चालणारे काम असते. दर वर्षी त्या तारखेला रस्त्यावर उभे राहून पत्रके वाटायची. तपास अधिकारी बदलला की नव्या माणसाला सगळे पहिल्यापासून सांगायचे, आणि सांगताना आवाज स्थिर ठेवायचा, कारण फार रडणाऱ्याचे बोलणे नीट टिपून घेतले जात नाही. पत्रकार आले की तेच प्रश्न आणि तीच छायाचित्रे. त्याचा कंटाळा येऊन चालत नाही, कारण बातमी थांबली की लोक विसरतात, आणि लोक विसरले की कोणाच्या तरी मनात दडून असलेली एखादी बारीकशी आठवण पोलिसांपर्यंत कधीच पोहोचत नाही. शिवाय हे सगळे नोकरी आणि घर सांभाळून करायचे. या प्रकरणात तर आईविना वाढणारे एक लहान मूलही होते.

नागोयाच्या पोलिसांकडे सुरुवातीपासून बरीच माहिती होती. हल्लेखोर स्त्री आहे, तिचा रक्तगट बी आहे आणि तिच्या पायातील बुटांचे माप चोवीस सेंटिमीटर आहे, हे त्यांना कळलेले होते. जखमी हाताचे रक्त घराबाहेर रस्त्यापर्यंत सांडत गेले होते, त्यामुळे ती कोणत्या दिशेने गेली याचाही अंदाज होता. काही हजार लोकांची चौकशी झाली. नाव सोडून जवळजवळ सगळे माहीत असणे ही काहीच माहीत नसण्यापेक्षा अधिक जीवघेणी अवस्था असावी. रक्तगट माहीत आहे, पायाचे माप माहीत आहे, आणि ती व्यक्ती आज कुठेतरी बाजारात जात असेल, कोणाशी तरी हसून बोलत असेल, हे माहीत असताना रोज रात्री झोपायचे. आणि त्याहून वाईट म्हणजे ओळखीच्या प्रत्येक चेहऱ्याकडे एकदा तरी त्या नजरेने पाहायचे.

माहिती आणि उत्तर यांतले हे अंतर किती असू शकते, ते तोक्योच्या सेतागाया प्रभागातल्या प्रकरणात दिसते. ३० डिसेंबर २००० च्या रात्री तिथे एका घरात आई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा अशा चौघांना ठार मारले गेले. मारेकरी त्यानंतरही काही काळ घरातच थांबला. त्याने घरातले आइस्क्रीम खाल्ले. स्वतःचे कपडे, कमरेची पिशवी आणि सुरा तिथेच टाकून तो निघून गेला. त्याच्या बोटांचे ठसे आहेत, रक्त आहे, डीएनए आहे. त्याने अंगातून काढून टाकलेला सदरा ज्या नमुन्याचा होता, तसे सदरे फार थोडे विकले गेले होते, हेही शोधून काढले गेले. पुराव्यांचा असा ढीग असलेले दुसरे न उलगडलेले प्रकरण क्वचितच असेल. पंचवीस वर्षे उलटली, तरी त्या ठशांना अजून नाव मिळालेले नाही. मारल्या गेलेल्या वडिलांचे वृद्ध वडील मुलाच्या आणि नातवंडांच्या मारेकऱ्याचे नाव कळण्याआधीच २०१२ मध्ये गेले.

जपानमधल्या या कुटुंबांची झुंज आणखी एका गोष्टीशी होती, आणि ती गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. खुनासारख्या गुन्ह्यासाठीही तिथल्या कायद्यात खटला भरण्याची मुदत ठरलेली होती. आधी ती पंधरा वर्षांची होती. १ जानेवारी २००५ पासून ती पंचवीस वर्षांची झाली, पण ही वाढ त्यानंतरच्या गुन्ह्यांपुरती होती. आधी घडलेल्या खुनांची घड्याळे पंधरा वर्षांवरच थांबणार होती. म्हणजे नागोयाच्या त्या गृहिणीचा खून नोव्हेंबर २०१४ मध्ये कायद्याच्या दृष्टीने संपणार होता. त्यानंतर मारेकऱ्याने स्वतःहून पोलिस ठाण्यात येऊन सर्व कबूल केले असते, तरी त्याच्यावर खटला भरता आला नसता.

हे केवळ कल्पनेतले भय नव्हते. तोक्योच्या आदाची प्रभागातली एक शिक्षिका १९७८ मध्ये नाहीशी झाली. तिच्याच शाळेतल्या सुरक्षारक्षकाने तिला मारून स्वतःच्या घराच्या जमिनीखाली पुरले होते आणि पुढची सव्वीस वर्षे तो त्याच घरात राहत होता. रस्त्यासाठी ती जागा घेतली जाणार असे ठरले, तेव्हा आता जमीन खणली जाईल हे ओळखून २००४ मध्ये तो पोलिसांकडे गेला. मुदत कधीच उलटून गेली होती, त्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. कुटुंबाने नुकसानभरपाईचा दावा लावला. दिवाणी कायद्यातली वीस वर्षांची मर्यादाही संपलेली होती, पण मारेकऱ्याने मृतदेह लपवून कुटुंबाला मृत्यूच कळू दिला नाही, मग त्याच मुदतीचा आसरा त्याला देणे न्यायाला धरून नाही, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये भरपाई कायम केली. तुरुंगात तो एक दिवसही गेला नाही. कुटुंबाने सव्वीस वर्षे बेपत्ता मुलीची वाट पाहिली आणि हाती आले ते असे उत्तर.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ च्या फेब्रुवारीत, न उलगडलेल्या खुनांतल्या काही कुटुंबांनी एकत्र येऊन ‘सोरा नो काई’ ही संघटना उभी केली. सोरा म्हणजे आकाश. सेतागायाच्या त्या कुटुंबातले आजोबा तिच्यात होते, आणि नागोयाचे ते पतीही तिच्या कामात पुढे होते. त्यांची मुख्य मागणी खुनाच्या गुन्ह्याची मुदत रद्द व्हावी ही होती. ज्यांच्या स्वतःच्या घरातला प्रश्न सुटलेला नाही, अशा वयस्कर आईवडिलांनी आणि विधुर माणसांनी सह्या गोळा केल्या, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या, पुन्हा पुन्हा तेच दुःख परक्या लोकांसमोर मांडले, आणि अवघ्या चौदा महिन्यांत कायदा बदलला. २७ एप्रिल २०१० रोजी जपानच्या संसदेने मृत्युदंडास पात्र असलेल्या खुनाच्या गुन्ह्यांची मुदत काढून टाकली. कायदा त्याच दिवशी जाहीर झाला आणि त्याच दिवशी लागू झाला. ही घाई का, ते समजून घेण्यासारखे आहे. कुराशिकी शहरात एप्रिल १९९५ मध्ये एका वृद्ध दांपत्याचा खून करून घर पेटवून देण्यात आले होते, आणि त्या प्रकरणाची मुदत त्याच मध्यरात्री संपणार होती. कायदा काही तास उशिरा लागू झाला असता तर ते प्रकरण कायमचे हातातून गेले असते.

या बदलाला विरोधही होता, आणि तो टाकाऊ नव्हता. जपानच्या वकील महासंघाने आक्षेप घेतला की काळ जातो तसे साक्षीदार मरतात आणि स्मृती धूसर होतात, आणि त्याचा फटका निरपराध माणसालाही बसतो, कारण वीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी आपण कुठे होतो हे तो कशाच्या आधारे सिद्ध करणार? मी स्वतः कुटुंबांच्या बाजूची आहे हे उघड आहे, तरी आशिकागाचे प्रकरण आठवले की या आक्षेपापाशी मला थांबावेच लागते. १९९० मध्ये तिथे चार वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि पुढच्या वर्षी सुगाया तोशिकाझु यांना अटक झाली. त्या काळच्या कच्च्या डीएनए चाचणीच्या आणि त्यांच्याकडून काढून घेतलेल्या कबुलीच्या बळावर त्यांना जन्मठेप झाली. नव्या चाचणीत नमुने जुळत नाहीत हे कळल्यावर २००९ मध्ये त्यांना सोडण्यात आले आणि मार्च २०१० मध्ये ते निर्दोष ठरले. दरम्यान २००५ मध्ये त्या मुलीच्या खुनाची पंधरा वर्षांची मुदत संपून गेली होती. म्हणजे एका निरपराध माणसाच्या आयुष्याची सतरा वर्षे गेली, आणि त्याला तुरुंगात डांबून सगळे निर्धास्त बसले असताना खऱ्या गुन्हेगाराला गाठण्याची वेळही निघून गेली. त्या मुलीच्या आईवडिलांना उत्तर मिळाले होते, ते वर्षानुवर्षे त्यांनी खरे मानले असेल, आणि मग तेही काढून घेतले गेले. प्रश्न तसाच उघडा राहण्यापेक्षा ही जखम खोल असावी असे मला वाटते. म्हणून घाईने मिळवलेले नाव कुटुंबाच्या हाती ठेवणे ही त्यांची सेवा नव्हे, आणि अनेक वर्षे वाट पाहिलेल्या माणसांना हे आपल्यापेक्षा जास्त चांगले कळते.

नागोयात २०२५ मध्ये जे झाले त्यात चमत्कार कुठलाच नव्हता. पोलिसांनी जुनी कागदपत्रे पुन्हा उघडली, पती-पत्नीच्या ओळखीतल्या माणसांच्या याद्या नव्याने तपासल्या आणि ज्यांचे नमुने घ्यायचे राहिले होते त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांतल्या एका महिलेने नमुना द्यायला आधी नकार दिला. ३० ऑक्टोबरला तिने तो दिला आणि त्याच दिवशी ती स्वतःहून पोलिस ठाण्यात हजर झाली. तिचा डीएनए घटनास्थळावरच्या रक्ताशी जुळल्याचे पोलिसांनी सांगितले आणि दुसऱ्या दिवशी तिला अटक झाली. ती पतीची शाळेतली सोबतीण निघाली. दोघे एकाच टेनिस मंडळात खेळत असत. न्यायालयात दोष सिद्ध होईपर्यंत तिला संशयित म्हणणेच योग्य, म्हणून तिच्याविषयी मी याहून अधिक लिहीत नाही.

पण त्या माणसाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. सव्वीस वर्षे ज्या उत्तरासाठी त्यांनी घर जपले, ते उत्तर त्यांच्याच तरुणपणाच्या छायाचित्रांतून समोर आले. परक्या चोराने हे केले असते तर त्या चोराचा द्वेष करता आला असता आणि स्वतःचे गेलेले आयुष्य निर्मळ राहिले असते. आता शाळेचे मैदान, खेळातले सोबती, जुन्या विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी, या सगळ्यावरून त्यांना पुन्हा एकदा हात फिरवावा लागणार, आणि कुठे काय बोललो, कोणाला काय वाटले असेल, हे शोधत बसावे लागणार. आपल्यामुळे ती गेली का, हा प्रश्न त्यांच्या मनात येऊ नये असे मला फार वाटते, आणि तो आल्यावाचून राहणार नाही हेही कळते. उत्तर मिळाले की कुटुंबाला शांती मिळते असे आपण म्हणतो, ते बहुधा आपल्या सोयीसाठी. उत्तर मिळाल्यावर एक काम संपते आणि दुसरे सुरू होते, इतकेच खात्रीने म्हणता येईल.

एक शंका मला या सगळ्यात सतावत राहिली. रक्ताचे नमुने पोलिसांनी १९९९ मध्येच घेतले असणार. मग ते घर न जपताही डीएनए जुळलाच असता की नाही? बहुधा जुळला असता. मग ते दोन कोटी वीस लाख येन आणि सव्वीस वर्षांचे भाडे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. माझ्या मते त्या घराने पुरावा जपला त्यापेक्षा जास्त माणसांना बांधून ठेवले. पोलिस ठाण्यातली फाइल कपाटात जाते, तिच्यावर दुसरी फाइल येते, अधिकारी निवृत्त होतात. कपाटातली फाइल कोणाकडे पाहत नाही. पण शहरात एक दार आहे, त्या दारात अजून रक्त आहे आणि एक माणूस दरमहा त्याचे भाडे भरतो आहे, हे माहीत असताना नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला हे प्रकरण जुने झाले असे म्हणायला जीभ उचलणे कठीण गेले असेल. पत्रकार दर वर्षी तिथे येत, कारण दाखवायला काहीतरी होते. त्या माणसाने सगळ्या शहराला १३ नोव्हेंबर १९९९ या तारखेशी धरून ठेवले होते.

आणि म्हणूनच मला रागही येतो. हे काम त्यांनी का करावे? भाडे परवडले, मालकाने हरकत घेतली नाही आणि प्रकृतीने साथ दिली, म्हणून हे घडले. यातली एक जरी गोष्ट नसती तरी त्यांचे प्रेम कमी ठरले नसते, फक्त घर गेले असते. ज्यांना दोन घरांचे भाडे परवडत नाही, ज्यांना मुलाखतीत नीट बोलता येत नाही, ज्यांच्यात बोलणारे कोणी उरलेलेच नाही, अशा कुटुंबांच्या मृतांची आठवण व्यवस्थेला कोण करून देणार? पुरावा जपणे, याद्या पुन्हा पुन्हा तपासणे आणि वर्षातून एकदा तरी कुटुंबाला बोलावून तपास कुठवर आला ते स्पष्ट सांगणे, हे तपास यंत्रणेचे काम आहे. सांगण्यासारखे काही नसेल तर काही नाही हेही समोर बसवून सांगावे. तोक्योच्या पोलिसांनी २००९ मध्ये जुन्या प्रकरणांसाठी वेगळे पथक नेमले, ते योग्यच झाले. पण असे पथक प्रत्येक ठिकाणी आणि आपण होऊन कामाला लागले पाहिजे, कुटुंब दारात येऊन उभे राहण्याची वाट न पाहता.

सेतागायाचे ते घर जीर्ण झाले आहे. पुराव्यांची नोंद पूर्ण झाली असून आता ते पाडायला हरकत नाही, असे पोलिसांनी काही वर्षांपूर्वी कुटुंबाला कळवले, तेव्हा मृत पत्नीच्या थोरल्या बहिणीने त्याला विरोध केला आणि घर आतून कसे आहे ते पत्रकारांना नेऊन दाखवले. शेजारून जाणाऱ्याला ते घर भयाण वाटत असेल. तिला ते अजून चौघांच्या वतीने बोलणारे एकमेव साक्षीदार वाटत असावे.

आणि काही कुटुंबांपाशी जपायला घरच उरले नाही. तोक्योच्या शिबामाता भागात ९ सप्टेंबर १९९६ रोजी एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला मारून तिचे घर पेटवून देण्यात आले. दोनच दिवसांनी ती शिक्षणासाठी अमेरिकेला निघणार होती. जळालेल्या घराची ती जागा आईवडिलांनी पुढे प्रभागाला देऊन टाकली आणि आता तिथे अग्निशमन पथकाचे साहित्य ठेवतात. जुन्या कायद्याने तिच्या खुनाची मुदत सप्टेंबर २०११ मध्ये संपली असती. वडील ‘सोरा नो काई’च्या कामात उतरले आणि ती संपली नाही. नागोयाची बातमी त्यांनीही ऐकली असेल. त्यांच्या मुलीच्या प्रकरणात अजून कोणालाही अटक झालेली नाही.